‘ध’ चा ‘मा’ : स्ट्रेप्टोमायसीनची कथा

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील पिंपरी हे स्वातंत्र्याच्या वेळी एक साधे खेडे होते. १९५४ साली केंद्र सरकारने तेथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी स्थापन केली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने कारखाना उभारला, आणि पुढच्याच वर्षी तेथून पेनिसिलीनच्या कुप्या बाहेर पडू लागल्या. केंद्र सरकारच्या मालकीची ही पहिली औषधनिर्मिती कंपनी. साठीच्या दशकाच्या आरंभी त्याच आवारात स्ट्रेप्टोमायसीनचा विभाग सुरू झाला. त्यासाठी लागणारे तांत्रिक ज्ञान अमेरिकेतील मर्क कंपनीने पुरविले होते.

ही दोन औषधे एकाच कुंपणाच्या आत, जवळजवळ एकाच रीतीने तयार होत. परंतु जंतूंचा नाश करण्याची त्यांची तऱ्हा अगदी निराळी. पेनिसिलीन हे जंतूच्या तटबंदीवर घाव घालते. वाढणाऱ्या जंतूला आपल्या भोवतीची भिंत सतत नवी बांधावी लागते. पेनिसिलीन ते बांधकाम थांबविते, भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटून मरतो. स्ट्रेप्टोमायसीन भिंतीच्या वाटेस जात नाही. ते आत शिरते आणि जंतूच्या दप्तरखान्यात घोटाळा माजविते. पिंपरीच्या मालावर यंत्रे येऊन पडत होती त्या वर्षांत मात्र हा घोटाळा नेमका कोणता, हे जगात कोणालाही खात्रीने सांगता आले नसते. लक्षावधी रोग्यांच्या अंगात टोचले जाणारे हे औषध कसे काम करते ते त्याच्या शोधानंतर वीस वर्षांनी उमगले, आणि डोळ्यांना दिसेल असे उमगण्यास आणखी छत्तीस वर्षे लागली.

स्ट्रेप्टोमायसीनपूर्वी क्षयरोगावर औषध असे नव्हतेच. मोकळी हवा, विश्रांती, दूध आणि अंडी हा उपचार. ज्यांना परवडे ते मिरजेच्या आरोग्यधामासारख्या ठिकाणी महिनोन् महिने पडून राहत. फुप्फुसाला विसावा मिळावा म्हणून छातीत हवा भरून ते मिटविण्याची रीतही होती. पेनिसिलीनचा गवगवा झाला तेव्हा क्षयी माणसांच्या घरांत मोठी आशा उत्पन्न झाली होती. परंतु क्षयाच्या जंतूवर पेनिसिलीनची मात्रा चालेना.

न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात सेल्मन वॅक्समन हे मातीतील सूक्ष्म जीवांचे अभ्यासक होते. त्यांच्या हाताखाली आल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करीत असे. १९४३ च्या ऑक्टोबर महिन्यात शॅट्झला स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या जातीचे दोन वाण हाती लागले. एक भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीतून आला होता आणि दुसरा एका कोंबडीच्या घशातून. या वाणांच्या भोवती इतर जंतू वाढत नव्हते. १९४४ च्या आरंभी शॅट्झ, एलिझाबेथ ब्युजी आणि वॅक्समन या तिघांच्या नावाने निबंध प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मेयो क्लिनिकमधील फेल्डमन आणि हिनशॉ यांनी क्षय झालेल्या गिनिपिगांवर हे औषध वापरून पाहिले, आणि वर्ष संपण्यापूर्वी ते पहिल्या क्षयी रुग्णास टोचले गेले.

पुढची हकीकत फारशी शोभादायक नाही. औषधाच्या स्वामित्वधनाचा हिस्सा आणि शोधाचे श्रेय यांसाठी शॅट्झने १९५० साली आपल्या गुरूंवर दावा लावला. तडजोड झाली, सहसंशोधक म्हणून त्याला मान्यता मिळाली. परंतु १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना देण्यात आले. हाताखालच्या माणसाने टिपण लिहावे आणि वर सही दुसऱ्याची असावी, हा प्रकार सरकारी कचेऱ्यांपुरताच आहे असे समजण्याचे कारण नाही.

औषधाचा गुण खरा की आभास, हे ठरविण्यासाठी ब्रिटनमधील वैद्यकीय संशोधन मंडळाने जी चाचणी घेतली ती वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. युद्धानंतरच्या त्या काळात तेथे औषधाचा पुरवठा तुटपुंजा होता. तेव्हा कोणाला द्यावयाचे हे चिठ्ठीने ठरविले तर त्यात अन्याय नाही, असा विचार झाला. १०७ रोग्यांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्यातील १४ रोगी दगावले. १९४८ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. त्यानंतरचे आकडे मात्र वाचवत नाहीत. पाच वर्षांनी पाहिले तेव्हा औषध घेतलेल्या गटातील ३२ आणि न घेतलेल्यातील ३५ जण मरण पावलेले होते. औषधाने वेळ मिळवून दिला, पण तेवढ्यात जंतू त्याला सरावले. स्ट्रेप्टोमायसीन एकट्याने द्यावयाचे नाही, त्याच्या जोडीला पास आणि १९५२ नंतर आयसोनायझिड द्यावयाचे, हा नियम त्या अनुभवातून निघाला.

पिंपरीत चालणारे काम हे एका अर्थी शेतीचेच होते. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसचे बीजाणू प्रथम काचेच्या चंबूत रुजवावयाचे, मग लहान टाकीत वाढवावयाचे, आणि शेवटी उंच पोलादी टाक्यांत सोडावयाचे. तेथे त्याला साखर आणि सोयाबीनच्या पेंडीसारखे नत्रयुक्त खाद्य मिळे. तळातून निर्जंतुक हवेचा प्रवाह सोडलेला असे, मधोमध पाती फिरत असत आणि उष्णता ठराविक अंशांवर राखलेली असे. बाहेरचा एखादा उपटसुंभ जंतू आत शिरला तर अख्खी टाकी वाया जाण्याचा धोका. चार-सहा दिवसांनी गाळ वेगळा काढून पाण्यातले औषध रेझिनच्या कणांवर धरून घेत, तेथून सोडवीत, शुद्ध करीत आणि पांढऱ्या भुकटीच्या रूपाने कुपीत भरीत. ते पोटातून घेऊन भागत नाही, कारण आतड्यातून ते जवळजवळ शोषलेच जात नाही. रोग्याला सुई टोचून घ्यावीच लागे.

या कारखान्याला केवळ परदेशी विद्या राबविण्यात समाधान नव्हते, हेही सांगावयास हवे. तेथील संशोधन विभागात तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कुळातल्या एका नव्या जातीपासून बुरशीवरचे एक औषध शोधून काढले. कंपनीच्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्याला हॅमायसीन म्हटले गेले आणि त्या जातीला स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. एका मराठी खेड्याचे नाव अशा रीतीने सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅटिन यादीत जाऊन बसले.

आता मूळ प्रश्नाकडे. जंतूचे शरीर प्रथिनांनी बनते आणि प्रथिनांनीच चालते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. वीस प्रकारचे मणी, आणि कोणत्या मण्यामागे कोणता यावा याची लेखी आज्ञा. ती आज्ञा डीएनएमध्ये असते. ही मूळ बाडे जागेवरच राहतात. कामासाठी त्यांची नक्कल उतरवून घेतली जाते, तिचे नाव आरएनए. नक्कल रायबोसोमपाशी पोहोचते. रायबोसोम हा वाचणारा कारकून. तो तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचतो. प्रत्येक शब्दासाठी योग्य तो मणी पाठीवर घेऊन येणारे वाहक आरएनए रांगेने तिष्ठत असतात. ज्याच्या बिल्ल्यावरची अक्षरे शब्दाशी जुळतील त्याचा मणी माळेत ओवला जातो. जोमाने वाढणाऱ्या जंतूत असे हजारो कारकून एकाच वेळी खपत असतात, आणि त्यांतला एकेक जण सेकंदास पंधरा-वीस शब्द वाचून हातावेगळे करतो. चूक होत नाही असे नाही. पण काही हजार शब्दांत एखादी.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस हे चित्र शास्त्रज्ञांच्या डोळ्यांपुढे नुकते आकार घेत होते. रायबोसोम हा शब्दच १९५८ मधला. तोपर्यंत स्ट्रेप्टोमायसीनविषयी तर्कांचे राज्य होते. १९५९ साली एर्डोश आणि उल्मान यांनी त्याने प्रथिनांची जुळणी बिघडते असे दाखविले. परंतु १९६० मध्ये हार्वर्ड येथे एका भारतीय रसायनशास्त्रज्ञाने वेगळेच पाहिले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे संचालक झालेले नित्या आनंद हे तेव्हा बर्नार्ड डेव्हिस यांच्यासमवेत काम करीत होते. औषध दिल्यावर जंतूचे पेशीपटल गळू लागते, असे त्यांना आढळले. म्हणजे घाव पटलावर की कारकुनावर? १९६२ च्या सुमारास असे प्रयोग झाले की ज्यांत औषधाला न जुमानणाऱ्या जंतूचे रायबोसोम वेगळे काढले असता तेही औषधाला जुमानीत नाहीत असे दिसले. पारडे कारकुनाच्या बाजूला झुकले आणि पटलाची गोष्ट मागे पडली. ती चुकीची होती असे मात्र नाही, हे पुढे दिसेल.

निर्णायक वर्ष १९६४. हार्वर्डमधल्याच लुइगी गोरिनी यांच्याकडे जंतूंचे काही लुळे वाण होते. त्यांच्या मूळ आज्ञेतच एक अक्षर चुकलेले असल्यामुळे आर्जिनीन नावाचे अमिनो आम्ल त्यांना स्वतः बनविता येत नसे. ते आयते घातले तरच ते जगत. गोरिनी यांना असे आढळले की काही वाणांना आर्जिनीनऐवजी थोडे स्ट्रेप्टोमायसीन घातले तरी चालते! जे विष, तेच पथ्य झाले. याचा उलगडा एकच होता. आज्ञा चुकीची लिहिलेली होती, आणि औषधाच्या अमलाखाली कारकुनानेही ती चुकीची वाचली. दोन चुकांचे मिळून क्वचित् एक बरोबर झाले.

त्याच वर्षी ज्युलियन डेव्हिस, वॉल्टर गिल्बर्ट आणि गोरिनी यांनी ही गोष्ट जंतूच्या बाहेर, परीक्षानळीत सिद्ध केली. एकाच अक्षराची सलग पुनरुक्ती असलेला कृत्रिम आरएनए घेतला म्हणजे रायबोसोमने फेनिलॲलनीनचीच माळ ओवली पाहिजे, हे निरेनबर्ग यांनी १९६१ मध्ये दाखविले होते. स्ट्रेप्टोमायसीन मिसळताच त्या माळेत आयसोल्यूसीनचे मणी दिसू लागले. या दोन आम्लांच्या सांकेतिक शब्दांत फरक एकाच अक्षराचा आहे. पुढे १९६६ साली डेव्हिस यांनी हरगोविंद खुराना यांच्यासमवेत, खुरानांनी हाताने जुळविलेले दोन अक्षरांचे आलटून-पालटून आरएनए वापरून, कोणते अक्षर कशाच्या जागी वाचले जाते याचा अधिक बारकाईने तपास केला.

एका अक्षराने काय होते हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना ‘धरावे’ अशी आज्ञा असलेल्या पत्रात आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला आणि गारद्यांनी ती ‘मारावे’ अशी बजावली, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा इतिहासकारांनी करावा. स्ट्रेप्टोमायसीनच्या बाबतीत मात्र एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. येथे पत्रात कोणी खाडाखोड करीत नाही. मूळ बाड शुद्ध असते, नक्कलही शुद्ध असते; वाचणाऱ्याची नजर तेवढी बिघडविलेली असते.

पण नुसत्या चुकीच्या वाचनाने जंतू मरावा का? येथे नित्या आनंद यांचे जुने निरीक्षण पुन्हा कामास आले. १९८६ च्या सुमारास डेव्हिस यांच्याच गटाने असे मांडले की, आरंभी जे थोडेसे औषध आत शिरते त्याने काही वेडीवाकडी प्रथिने बनतात. ती पेशीपटलात जाऊन बसतात आणि त्याला भोके पाडतात. त्या भोकांतून औषधाचा लोंढा आत येतो आणि मग कारखाना कायमचा बंद पडतो. पटल गळते हे खरे, आणि रायबोसोम बिघडतो हेही खरे. कोणते आधी, एवढाच प्रश्न होता.

रायबोसोमवर नेम धरणारे स्ट्रेप्टोमायसीन हे एकटे नव्हे. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली लेडर्ले कंपनीत बेंजामिन डग्गर यांनी शोधलेले ऑरिओमायसीन, आणि त्याच्या कुळातली सारी टेट्रासायक्लिने, मणी आणणाऱ्या वाहकाला कारकुनापुढे येऊच देत नाहीत. विषमज्वरावर दीर्घकाळ वापरले गेलेले क्लोरॅम्फेनिकॉल मणी मण्याला जोडू देत नाही. एरिथ्रोमायसीन हे माळ ज्या बोगद्यातून बाहेर पडते तो अडविते. ही सर्व औषधे काम थांबविणारी आहेत. काम चालू ठेवून ते चुकते करणे, ही स्ट्रेप्टोमायसीन आणि त्याच्या भावंडांची खासियत.

हे सर्व अनुमानाने सिद्ध झाले होते. प्रत्यक्ष कोणी पाहिले नव्हते. रायबोसोमचा स्फटिक करून त्यावर क्ष-किरण सोडावयाचे आणि त्यातील अणूंच्या जागा हुडकावयाच्या, हे काम आदा योनाथ यांनी १९८० च्या सुमारास हाती घेतले तेव्हा अनेकांना तो खुळा हट्ट वाटला होता. वीस वर्षांनी तो फळास आला. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ साली पदवी घेतलेले वेंकटरामन रामकृष्णन यांच्या केंब्रिजमधील गटाने, उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जंतूच्या रायबोसोमचा लहान भाग २००० साली अणुशः उलगडला, आणि त्याच वेळी त्यात स्ट्रेप्टोमायसीन कोठे बसते तेही दाखविले. वाचनाच्या जागी रायबोसोमला दोन अवस्था घेता येतात, एक काटेकोर आणि एक सैल. औषधाचा रेणू आरएनएच्या चार तुकड्यांना आणि एस-१२ नावाच्या प्रथिनाला एकदम धरून बसतो आणि कारकुनाला सैल अवस्थेकडे ओढून ठेवतो. जवळजवळ जुळणारा बिल्लाही मग त्याला चालतो. २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक योनाथ, रामकृष्णन आणि टॉमस स्टाइट्झ या तिघांत विभागले गेले.

माणसाच्या पेशीतही रायबोसोम असतात. मग औषधाने रोग्याचाच घात का होत नाही? त्याचे कारण असे की, आपले रायबोसोम मोक्याच्या जागी वेगळ्या घडणीचे आहेत आणि औषधाची पकड तेथे बसत नाही. परंतु या अभयाला एक भगदाड आहे. आपल्या पेशींत ऊर्जा पुरविणारे जे मायटोकाँड्रिया असतात त्यांचे स्वतःचे निराळे रायबोसोम आहेत, आणि ते जंतूंच्या वळणाचे आहेत. स्ट्रेप्टोमायसीन घेणाऱ्या काही रोग्यांना चक्कर येऊ लागते, तोल सांभाळवत नाही, काहींना कायमचे बहिरेपण येते, हे डॉक्टरांना पहिल्या काही वर्षांतच कळून चुकले होते. क्षय बरा झाला आणि कान गेले, असे प्रसंग अनेक घरांनी सोसले. काही घराण्यांत मात्र थोड्याशा मात्रेनेच आणि आईकडून मुलांकडे चालत आल्याप्रमाणे हे बहिरेपण येते, याचा उलगडा १९९३ साली झाला. अशा कुटुंबांत मायटोकाँड्रियाच्या रायबोसोमातील आरएनएमध्ये एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे तो जंतूच्या रायबोसोमासारखा अधिकच दिसू लागतो आणि औषध त्यालाही पकडते. मायटोकाँड्रिया मुलाला आईकडूनच मिळतात. ज्या मातांनी आपल्या मुलाचे कान सुईने गेले म्हणून डॉक्टरांना दोष दिला असेल, त्यांना हे कळावयास फार उशीर झाला.

जंतूंकडेही तोच उपाय आहे, पण उलट दिशेने. क्षयाचा जंतू एस-१२ प्रथिनात किंवा रायबोसोमच्या आरएनएमध्ये एखादेच अक्षर बदलतो आणि औषधाला धरावयास जागा उरत नाही. कोट्यवधी जंतूंत असे थोडे आधीपासूनच असतात. एकट्या स्ट्रेप्टोमायसीनने बाकीचे मेले की शेत त्यांना मोकळे होते. ब्रिटिश चाचणीतील ते ३२ मृत्यू बहुतांशी या मार्गाने आले. दुसरे, तिसरे औषध जोडीला देण्याचे इंगित हेच, की एकाच जंतूत सर्व बदल एकदम होणे फार दुर्मिळ. पण उपचार अर्धवट सुटले, औषधे एकेकटी दिली गेली, तर ते बदल एकामागून एक साठत जातात. २०११ च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी काही क्षयरोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूंवर तपासून पाहिलेले कोणतेही औषध चालत नव्हते. त्या यादीत स्ट्रेप्टोमायसीनही होते.

पिंपरीच्या कारखान्याची पुढील कहाणी आर्थिक आहे. नव्वदीच्या दशकात तो आजारी उद्योगांत गणला गेला, आणि २०१६ साली त्याची जादा जमीन विकून देणी भागविण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. ज्या माळरानाला कारखान्याने किंमत आणली तीच किंमत अखेर त्याच्या कामी आली, असे म्हणावे लागते.

एक शंका राहते. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस हाही जंतूच. त्याच्याही पोटात तसलेच रायबोसोम आहेत आणि स्ट्रेप्टोमायसीन त्यांनाही बाधते. मग पिंपरीच्या त्या टाक्यांत तो स्वतःच्याच विषाने मरत कसा नव्हता? तो हे औषध अपुऱ्या रूपात बनवितो. रेणूला फॉस्फेटचे एक टोपण घातलेले असते, त्यामुळे आत असेपर्यंत ते निरुपद्रवी राहते. पेशीच्या बाहेर गेल्यावर मगच टोपण निघते. इस्पितळांतील अनेक हट्टी जंतूंपाशी जी विकरे सापडतात तीही स्ट्रेप्टोमायसीनला अशीच टोपणे चढवितात. ही विद्या त्यांनी मातीतल्या या औषध बनविणाऱ्या जीवांपासूनच उचलली असावी, असे बेनव्हेनिस्ट आणि डेव्हिस यांनी १९७३ साली सुचविले. हा डेव्हिस म्हणजे १९६४ मध्ये गोरिनींसमवेत चुकलेले मणी मोजणारा ज्युलियन डेव्हिसच.